मऊ आवाजाचा उद्योग

आवाज टोचतो, असं मी घरात पहिल्यांदा बोललो तेव्हा सुशीलाबाईंनी माझ्या कानात कोमट खोबरेल तेल घातलं. सुशीलाबाई म्हणजे माझी बायको. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोचा उल्लेख निदान लिहिताना तरी आदरानं करावा, असं माझं मत आहे. बोलताना ते जमत नाही, पण लिहिताना जमतं.

दोष माझ्या कानात नव्हता, स्पीकरमध्ये होता. बीदरला हवाईदलातल्या एका अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्यांनी घरातलं सामान विकायला काढलं. माझा मेव्हणा व्यंकट तिथंच राहतो. त्यानं फोन केला, मी गेलो आणि कमरेएवढे दोन स्पीकर टेम्पोत घालून आळंदला घेऊन आलो. निघताना ते अधिकारी म्हणाले होते, "यांचा आवाज स्वभावानं जरा उजळ आहे हं. एखादा मऊ अँप्लिफायर बघा यांना." मी मान डोलावली. जन्मभर मराठी शाळेत गुरुजी होतो. न कळलेल्या गोष्टीवर मान कशी डोलवायची, हे मुलांनी मला चांगलं शिकवलं आहे.

उजळ म्हणजे काय, ते घरी आल्यावर कळलं. आमची बैठक चांगली ऐसपैस. आमच्या भागात शहाबादी फरशीला तोटा नाही, त्यामुळे खाली फरशी, भिंतींना छातीपर्यंत फरशी, कोनाडे फरशीचे, बसायचा कट्टाही फरशीचा. त्या बैठकीत बासरी लावली की प्रत्येक सूर येताना गोड येई आणि जाताना टाचणी टोचून जाई. झांजांचं तर विचारूच नका. स्वयंपाकघरात स्टीलची वाटी पडली की काय, म्हणून सुशीलाबाई दोनदा धावत गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? आवाज बारीक करा आणि गप्प बसा. सांगतो. निवृत्तीनंतर मला एकच गोष्ट हवी होती. दुपारी जेवण झालं की आरामखुर्चीत पडायचं, बासरी लावायची आणि डोळे मिटायचे. मिटले की खुर्चीखालची फरशी हळूहळू ओलसर होते, मग तिचं पाणीच होतं, आणि खुर्ची अमरजा नदीतून चालू लागते. दोन्ही काठांना करडई, हरभरा, मध्येच एखादं बाभळीचं झाड पाण्यावर वाकून बघत असतं. मला वल्हवावं लागत नाही, नदीच नेते. गाणगापूरच्या संगमावर यात्रेकरूंच्या आंघोळी चाललेल्या असतात. त्यांतला एखादा पंचा पिळता पिळता विचारतो, "कुठवर?" मी नुसता हात हलवतो. पुढं भीमेचं रुंद पाणी लागतं आणि मला वाटतं, आता काहीतरी दिसणार, जन्मभर बघायचं राहून गेलेलं काहीतरी. नेमकी तिथंच बासरी टोचते आणि मी धाडकन आळंदमध्ये येऊन पडतो. तोंडाला कोरड, मानेला लचक.

हसण्यासारखं आहे, मान्य. पण मला ते हवं होतं. पगारवाढ हवी असावी त्यापेक्षा जास्त हवं होतं.

आमच्या शेजारी उद्धवराव राहतात. वीजखात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त झाले तरी तारांवरचा हक्क त्यांनी सोडलेला नाही. गल्लीत कुणाचा बल्ब उडाला तर दुःखाचा पहिला मान त्यांचा. त्यांनी बासरी ऐकली, स्पीकरच्या पाठीवरून हात फिरवला आणि निदान केलं.

"गुरुजी, तुमचा करंटच कोरडा हाय."

"करंट कोरडा असतो?"

"तर वो! अर्थिंग पायजे. अंगनात खड्डा घ्या, मीठ टाका, कोळसा टाका, रोज सकाळी तांब्याभर पानी घाला. म्हयन्याभरात आवाज बगा कसा ओला यील."

तुळशीला घालतो तसं विजेलाही पाणी घालायचं, ही कल्पना मला आवडली. मी स्वतः कुदळ घेतली. स्वतः का घेतली, हा प्रश्न सुशीलाबाई आजही विचारतात. तिसऱ्या-चौथ्या घावाला जमिनीतून कारंजं उडालं. करंट ओला होण्याआधी मी, उद्धवराव आणि वाळत घातलेले पापड ओले झाले. गल्लीचा नळ माझ्या अंगणाखालून जातो, हे मला त्या दिवशी समजलं, आणि गल्लीला माझा उद्योग समजला.

पाइप दुरुस्त करून घ्यायला मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी कानडीत विचारलं, खड्डा कशासाठी घेतला? माझी कानडी बाजारहाटापुरती चांगली आहे, पण "बासरीचा आवाज मऊ व्हावा म्हणून" हे कानडीत सांगताना मी घामाघूम झालो. साहेबांनी बराच विचार केला. घरगुती, व्यापारी, शेती, यांतल्या कुठल्याच प्रकारात मी बसेना. शेवटी त्यांनी मला 'आवाजाचा त्रास' या सदरात बसवलं. चौथ्या दिवशी पोलीस दारात हजर.

"तक्रारदार कोण?"

"मी."

"आवाज कुणाच्या घरातून येतो?"

"माझ्याच."

त्यांनी माझ्याकडे, मग सुशीलाबाईंकडे फार सहानुभूतीनं पाहिलं. चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "गुरुजी, आपसात मिटवा." समोरच्या गच्चीवर सगळी गल्ली उभी होती. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना 'गप्प बसा' म्हणणाऱ्या माणसावर स्वतःच पोलिसांकडून समज घ्यायची वेळ आली. दोन दिवस मी फुटाणे आणायलाही बाहेर पडलो नाही.

पण नाद तो नाद. तिसऱ्या दिवशी मी कलबुर्गीची बस धरली. तिथं शरणबसव नावाच्या गृहस्थांचं दुकान आहे. जत्रा, भजनी मंडळ, लग्नाची वरात, सगळ्यांना तेच सामान पुरवतात. मी म्हणालो, मला मऊ आवाजाचा अँप्लिफायर हवा आहे.

"मऊ का सर? मऊ घ्या की री!" त्यांनी फळीवरून एक खोकं उतरवलं. "ह्यानं आवाज टोचतच नाही बघा. सुराला दुसरा सूर धरतो, तिसरा धरतो. मऊ म्हणजे एकदम खवा!"

खवा ऐकून मी विरघळलो. घरी आणून जोडला. बासरीवाल्यानं एक सूर लावला आणि त्या सुरामागोमाग त्याचे पाच-सहा नातेवाईक बैठकीत शिरले. पहिला सूर संपून वाजवणारा दम खाऊन परत आला तरी आधीचे पाहुणे जायला तयार नाहीत. मी अमरजेत खुर्ची घातली खरी, पण अशा गर्दीत नदी कशी चालणार? त्याला माइकची सोयही होती. सुशीलाबाईंनी स्वयंपाकघरातून जोडून घेतला आणि "जेवायला या… या… या…" असं बोलावलं. उद्धवराव आपल्या घरातून हात धुऊन आले. शेवटी तो अँप्लिफायर चौकातल्या हनुमानाच्या देवळाला दिला. तिथं तो आरतीला शोभतो. पाच माणसं आली तरी पन्नास जमल्यासारखी वाटतात.

एवढ्यात वेळअमावास्या आली. त्या दिवशी आमच्या मुलखात कुणी घरात राहत नाही. सगळी माणसं शेतात. आमचं शेत निंबर्ग्याला, ते पिराजी बटईनं करतो. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, भज्जी आणि बाजरीचे उंडे झाले, मडक्यातलं आंबील झालं. तूर वाळत आली होती, वारा आला की शेंगा खुळखुळत. सुशीलाबाई आंबिलाचा पेला हातात धरून लांब बघत म्हणाल्या,

"यंदाची तूर इकली की मला समुद्र दावा."

"टीव्हीवर बघतेस की रोज."

"तो कडंनं कापलेला असतोय. मला अख्खा बगायचाय."

मी हो म्हणालो. आंबील प्यायलेला माणूस कशालाही हो म्हणतो, पण हे मी मनापासून म्हणालो. ज्या बाईनं जन्मात काही मागितलं नाही तिनं मागून मागून पाणी मागितलं होतं. वर्षाची तूर आम्ही त्या समुद्राच्या नावानं सोडली.

पुढं व्यंकटनं पराक्रम केला. तो बीदरहून कामाला हैदराबादला गेला होता. तिथं एका जुन्या दुकानात त्याला काचेच्या दिव्यांचा अँप्लिफायर मिळाला. वरती बारक्या बाटल्यांसारखे दिवे, चालू केला की त्यांत निखारे फुलतात. "दाजी, दुकानदार म्हनला, ह्याच्यापेक्षा मऊ जगात न्हाई," असं सांगत त्यानं तो मांडीवर घेऊन तीन बसा बदलल्या. तो दारात उतरला आणि त्याच वेळी निंबर्ग्याहून पिराजी तुरीची पोती घेऊन आला. आमच्या कोठीत यंदा उंदरांचा सुळसुळाट, म्हणून पोती बैठकीत लावायचं ठरलं. तीन भिंतींना छतापर्यंत पोती लागली. मधे माझी खुर्ची, समोर दिवेवाला अँप्लिफायर. पिराजीनं शेवटचं पोतं ठेवलं आणि मी बासरी लावली.

काय सांगू! सूर आला आणि बसला. टाचणी नाही, नातेवाईक नाहीत. झांज वाजली तीसुद्धा कुणीतरी लांब शेतात वाजवावी तशी. बैठकीत तुरीचा कोवळा, धुळकट वास, दिव्यांचा तांबूस उजेड. गाणगापूर कधी मागं पडलं कळलं नाही. भीमा रुंद होत गेली, खुर्ची तरंगत राहिली, पाण्यावर ऊन मोडून पडलं होतं आणि माझा मुरून राहिलेला सगळा राग, शाळेतला, कचेरीतला, पोलिसाचा, काठाकाठानं चालत जरा वेळ सोबत आला आणि मग घरी गेला. जागा झालो तेव्हा चहा निवून गेला होता. मी व्यंकटला मिठी मारली.

मग मी प्रचाराला लागलो. येईल त्याला दिवे दाखवायचे, काचेतून आवाज गाळून कसा येतो ते समजवायचं. उद्धवराव म्हणत होते, की अर्थिंग आता लागू पडलं. सुशीलाबाईंचं मत वेगळं होतं. थंडीत विरजण लागत नाही, म्हणून त्या दुधाचं पातेलं दिव्यांजवळ ठेवू लागल्या आणि दही असं लागे की सुरीनं कापावं. त्यांच्या लेखी ते दह्याचं यंत्र होतं आणि त्यात बासरी फुकट येत होती.

हे सुख पंधरवडाभर टिकलं. मग पिराजी आपल्या वाट्याची पोती न्यायला आला. दोन भिंती मोकळ्या झाल्या. दुपारी बासरी लावली तर संगमाच्या अलीकडेच टाचणी टोचली. मी दिवे पुसले, तारा बदलल्या, व्यंकटला फोनवर बोलायला नको ते बोललो. त्यानं फोन ठेवल्यावर मी रागानं टाळी वाजवली, तर मोकळ्या भिंतीनं ती खणखणीत परत केली. पोत्यांकडे तोंड करून वाजवली, ती परत आलीच नाही. कुणीतरी खिशात टाकावी तशी पोत्यांनी ठेवून घेतली. मग मी एका पोत्याला कान लावून बराच वेळ उभा राहिलो.

म्हणजे आवाज मऊ केला होता तो तुरीनं. दिव्यांनी फक्त दही लावलं होतं.

असं कळल्यावर शहाण्या माणसानं हसून तूर विकली असती. मी निंबर्गा गाठलं आणि पिराजीला म्हणालो, "तुझी पोती माझ्याकडंच राहू दे. भाडं नको, काही नको."

पिराजीनं डोक्यावरचा पटका काढून परत बांधला. तो विचार करताना असंच करतो.

"गुरुजी, माजी तूर तुमी कामून ठिवून घ्यायलाव?"

"सहज. सुरक्षित राहील."

"न्हाई, न्हाई. तुमाला कायतरी म्हाईत हाय. भाव चढनार हाय, व्हय ना?"

बासरीचं सांगितलं असतं तर त्यानं मला वैद्याकडे नेलं असतं. मी गूढ हसलो. त्या एका हसण्यानं पुढचा सगळा घोळ केला. पिराजीची पोती परत आली, माझी नदी परत आली, आणि निंबर्ग्यात बातमी झाली की गुरुजींनी तूर दाबून धरली आहे. आठवडाभरात आमच्या गल्लीतही कुणी तूर विकेना. सकाळी दात घासताना माणसं कुंपणावरून विचारू लागली, "काय म्हनतंय मार्केट, गुरुजी?" अण्णा, अप्पा, ओळखीचे, बिनओळखीचे, सगळे माझ्या चेहऱ्यावर भाव वाचायला येत. मी बासरी ऐकून तृप्त दिसलो की त्यांना वाटे तेजी आहे. उद्धवराव तर सांगत सुटले, की गुरुजींना दिल्लीहून कळतं. मला वाटलं, पोलीस प्रकरणानंतर गेलेली अब्रू परत येते आहे, येऊ द्यावी. माणूस मोठा होतो तेव्हा त्याला आत किती पोकळ आहे ते फक्त त्यालाच ऐकू येतं.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी म्हण आहे. आमच्या तुरी घरातच होत्या आणि मारामारी नव्हती, हेच वाईट होतं. सुशीलाबाई अधूनमधून दारात येऊन विचारत, "अवो, इकायची कवा?" मी म्हणे, "थांब, चढेल अजून." त्या बरं म्हणून दह्याचं पातेलं घेऊन जात. एकदा म्हणाल्या, "समदे म्हनायलेत तुमाला कळतंय म्हनून. थांबते मग." ते ऐकून मला खरंच लाज वाटली. पण दुपार झाली की खुर्ची बोलवी, मी जाई, आणि संध्याकाळपर्यंत लाज निवलेली असे.

मग बाहेरच्या देशांतली तूर बाजारात आली आणि भाव उतरायला लागला. कुंपणावरची गर्दी गप्प झाली. एका दुपारी ओळखीचा अडत्या टेम्पो आणि हमाल घेऊन दारात आला. म्हणाला, "गुरुजी, आजच्या भावानं द्याची असंल तर द्या. उद्यापासून मी बी असा यायचा न्हाई." पिराजीही त्याच्याबरोबर आला होता. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, पण या वेळी तिथं वाचण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणालो, विचार करतो, आणि बैठकीत जाऊन बासरी लावली.

सुशीलाबाई मागोमाग आल्या. पदर खोचलेला. ही खूण मला ठाऊक आहे.

"आज सोक्षमोक्ष लावा," त्या म्हणाल्या. "बाहीर मानसं थांबलीत. एक तर इका, न्हाईतर इकायची न्हाई म्हना. मला एकदा…"

बोलता बोलता त्या दाराजवळच्या पोत्यावर बसल्या. सकाळपासून शेवया करत होत्या. पाठ मागच्या पोत्याला टेकली. बासरी तेव्हा अगदी खाली, हळू उतरत होती. "मला एकदा," त्या पुन्हा म्हणाल्या आणि मान कलली.

झोपल्या.

मी या बाईला दिवसा झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. तापात नाही, बाळंतपणात नाही. तोंड किंचित उघडं, कपाळावरची आठी गेलेली, हात मांडीवर उताणे पडलेले. चेहरा असा की कुणी लांबून "कुठवर?" विचारलं असतं तर त्यांनी हात हलवला असता. मी खुर्चीत बसून बघत राहिलो. मग उठलो, बाहेर गेलो आणि अडत्याला म्हणालो, "घेऊन जा. पण आत आवाज करायचा नाही."

हमालांनी चपला काढल्या. एरवी पोती उचलताना ते मोठ्यानं मोजतात, आज पिराजी दारात उभा राहून बोटांवर मोजत होता. कुणी खोकला की "ए, हळू की रे!" म्हणून कुजबुजत होता. पोती एकेक करून निघाली. पश्चिमेची भिंत उघडी पडली आणि बासरीला धार आली. सुशीलाबाईंनी झोपेत कपाळ आकसलं. मी आवाज एक घर कमी केला. आणखी पोती गेली, पुन्हा धार आली, मी पुन्हा कमी केला. पोतं जायचं, माझा हात बटणाकडे जायचा. हमाल, मी आणि बासरी, असं तासभर चाललं. जन्मात एवढ्या हळूपणे मी कुठलंच काम केलं नव्हतं. शेवटी बैठक रिकामी झाली. बासरी इतकी बारीक झाली होती, की वाजते आहे हे मलाच ठाऊक होतं.

अडत्यानं सुशीलाबाईंच्या खालच्या आणि पाठीमागच्या पोत्यांकडे बोट केलं.

"ती बियाण्याची आहेत," मी म्हणालो.

तो गेला. मी खुर्चीत न बसता भिंतीला टेकून फरशीवर बसलो आणि वाट बघू लागलो. उन्हाची तिरीप आत सरकत आली, तेव्हा सुशीलाबाई जाग्या झाल्या. त्यांनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं आणि किंचाळल्या, "अगं बया! चोरी झाली की वो!"

"चोरी नाही. विकली."

"समदी?"

"तू बसलीस तेवढी सोडून. तुझा समुद्र निघतो त्यातून."

त्यांनी उघड्या भिंतींवरून नजर फिरवली. भाव काय लागला, हे आता विचारतील आणि मग माझी खरी परीक्षा, म्हणून मी मान खाली घातली.

"मग आता दुपारचं तुमी झोपनार कसं?" त्यांनी विचारलं.

मी वर बघितलं.

"मला काय कळत नव्हतं व्हय?" त्या म्हणाल्या. "पिराजीनं पोती नेली त्या दिशी तुमी पोत्याला कान लावून उभं होताव. दारातून बगितलं मी. तवाच कळलं, भावासाठी न्हाई, गान्यासाठी थांबायलाव."

"मग बोलली का नाहीस? भाव उतरला, तुझा समुद्र…"

"समुद्र कुटं जायलाय? हाय तितंच हाय."

मी फोन काढला आणि व्यंकटला म्हणालो, गोकर्णाला जायला कुठून कसं जमतंय ते आजच्या आज बघून सांग. तो विचारत होता, एवढी काय घाई? सुशीलाबाई शेजारच्या पोत्यावर हात ठेवून ऐकत होत्या.